सेलच्या कपाळी शेंदूर

चिखलीच्या एका कॉलेजात चौदा नंबरची खोली आहे. कॉलेजचं नाव सांगत नाही. सांगितलं तर लगेच सत्काराला बोलावतील आणि भर उन्हात शाल पांघरून बसावं लागेल. तर त्या खोलीवर ‘प्रगत ऊर्जा पदार्थ संशोधन केंद्र’ अशी पाटी आहे. पाटी दारापेक्षा हातभर लांब आहे. उद्घाटनाला फिती तीन बांधल्या होत्या, कारण पाहुणे तीन आले आणि तिघांनाही कात्री पाहिजे होती.

आत एक मोठी काचेची पेटी आहे. तिला दोन काळे रबरी हातमोजे बसवलेले. पेटीत साधी हवा नाही, आर्गॉन वायू भरलेला. बॅटरीच्या पोटात जाणाऱ्या वस्तूंना हवेतला ओलावा सोसत नाही, म्हणून सगळं काम या हातमोज्यांत हात घालून काचेआड करायचं. उद्घाटनाच्या दिवशी तिन्ही पाहुण्यांनी, प्राचार्यांनी आणि विभागप्रमुख देवेश सरांनी आळीपाळीने हातमोज्यांत हात घातले, फोटो काढले आणि हात बाहेर काढले. ते हात पुन्हा काही आत गेले नाहीत. पुढची आठ वर्षं तिथे जे हात राबले ते रामराव शेळके यांचे. हुद्दा परिचर. शिक्षण दहावी पास, तेही गणित दुसऱ्या खेपेला.

रामराव मूळचे धामणगाव बढ्याचे. तरुणपणी तिथे मामाच्या दुकानात ट्रॅक्टरच्या बॅटऱ्या दुरुस्त करत. बाकीचे मिस्त्री बिघडलेली बॅटरी आली की लगेच फोडून आत बघायला बसत. रामरावांची तऱ्हा वेगळी. ते म्हणायचे, “ट्रॅक्टर चालू करा, दिवे लावा, भोंगा वाजवा, मंग सांगतो.” गिऱ्हाईक चिडायचं, की बाबा, दुखणं आत आहे आणि तू बाहेर बसून काय ऐकतोस? त्यावर रामरावांचं उत्तर ठरलेलं. “मढं खोलून दुखणं सापडत नसते बाप्पा. दुखणं जितेपणीच बोलते.” आणि दुरुस्त झालेली बॅटरी मारुतीच्या शेंदराचा टिळा लावल्याशिवाय त्या दुकानातून बाहेर पडत नसे. हा मामाचा नियम. रामरावांनी दुकान सोडलं, पण खिशातली शेंदराची डबी सोडली नाही.

कॉलेजात ते आधी पाणी भरायला लागले, मग झाडायला, मग उपकरणं पुसायला, आणि पुसता पुसता चालवायला. चौदा नंबरची खोली हातात आली तसा माणूस पार बदलला. दारात चपला काढा. हात कोपरापर्यंत धुवा. पावडर लावून आलात? घरी जा. अत्तर लावलंय? उद्या या. एकदा खुद्द प्राचार्य गालात तंबाखू-सुपारीचा खर्रा धरून आले, तर रामरावांनी त्यांना उंबऱ्यावरूनच वळवलं. देवेश सर आठ वर्षांत चारदा आत आले असतील. बूट काढले की मोज्याचं भोक दिसायचं, आणि विभागप्रमुखाला भोक असू नये असं त्यांचं मत होतं. सर एम.एस्सी.ला दोन वर्षं पुण्याला होते. तिथून त्यांनी डिग्री आणली आणि बोली आणली. डिग्री भिंतीवर टांगली, बोली तोंडात जपून ठेवली.

रामरावांना आयुष्यात एकच हौस होती. आपलं नाव कुठेतरी छापून यावं. लग्नपत्रिकेत येतं तसं नाही, शोधनिबंधात. खोलीत झालेल्या कामाचे निबंध ते हातात घेऊन उलटेपालटे करत. इंग्रजी कळायचं नाही, पण नावं वाचता यायची. पहिलं नाव देवेश सरांचं. दुसरं प्राचार्यांचं. तिसरं कधीकधी काम करणाऱ्याचं. एकदा त्यांनी धीर करून विचारलं, “सर, माहं नाव यात कुठी येईन का?” सर हसले आणि म्हणाले, “रामराव, तुमचं नाव आमच्या हृदयात आहे.” रामरावांनी ते ऐकून घेतलं. हृदयाची प्रत काही ग्रंथालयात ठेवत नाहीत, एवढं त्यांना कळत होतं.

मग भार्गवी आली. वडनेर भोलजीची पोरगी, पीएच.डी.ला. तिचं काम सोडियमच्या बॅटरीवर. एका बाजूला मँगनीजचं संयुग आणि दुसऱ्या बाजूला कोळसा, तोही पऱ्हाटीचा. कापूस वेचून झाल्यावर शेतात उभी राहते ती पऱ्हाटी तिच्या बापाच्या वावरातून पोत्यात भरून यायची. भट्टीतून तिचा कोळसा करायचा आणि बॅटरीत घालायचा. घरच्यांना आधी वाटलं पोरगी शिकायला गेली. मग पोती न्यायला लागली तेव्हा वाटलं सरपणाचा धंदा काढला.

बॅटरी चांगली चालायची आणि महिन्या-दोन महिन्यांत मान टाकायची. का टाकते, ते शोधायचं होतं. भार्गवी म्हणाली, “काका, मेलेला सेल फोडून काही समजत नाही. चार्ज होऊन राह्यला असताना, डिस्चार्ज होऊन राह्यला असतानाच आत पाह्यलं पाहिजे. इंदूरले मोठं यंत्र आहे. इलेक्ट्रॉन गोल गोल पळवतात आन त्याच्यातून जबरदस्त क्ष-किरण निघतात. ते चालत्या सेलमधून पार करायचे. आतला मँगनीज कोणत्या घडीले कोणत्या हालतीत आहे ते सारं उमटते.”

हे तिने आधी विभागाच्या बैठकीत सांगितलं होतं. तिथे एकाने विचारलं, फ्रॅक्चरवालाच एक्स-रे का हा? दुसऱ्याने चहा कधी येणार ते विचारलं. इकडे खोलीत रामराव मात्र हातातलं फडकं खाली ठेवून म्हणाले, “म्हंजे ट्रॅक्टर चालू ठेवायचा, दिवे लावायचे आन मंग ऐकायचं.” भार्गवी बघतच राहिली. तीन वर्षांत पहिल्यांदा कोणाला तरी एका दमात कळलं होतं.

अडचण अशी, की क्ष-किरण आत जायला सेलला खिडकी ठेवावी लागते. पातळ, पिवळसर नारिंगी प्लास्टिकच्या फिल्मची, शेंगदाण्याएवढी. ती चिकटवायची अशी की केसाएवढीही हवा आत शिरू नये. पहिल्या खेपेला भार्गवी सहा सेल घेऊन इंदूरला गेली, आणि रस्त्याच्या खड्ड्यांनी चार सेलांचं सील मोकळं केलं. आठ महिने वाट पाहून मिळालेले यंत्राचे तीन दिवस वाया गेले. परत आल्यावर ती पेटीला पाठ लावून इतकी रडली की रामरावांना राहवेना. त्यांनी मग अडीच महिने खपून नवं सील बसवलं. मामाच्या दुकानातली बॅटरीच्या झाकणाची जुनी पद्धत, दोन पदरी, मधे बारीक रबराचं कडं. सेल पाण्यात बुडवले, मोटारसायकलच्या डिकीत घालून साखरखेर्ड्याच्या रस्त्यावर हिंडवले. त्या रस्त्यावर जे टिकलं ते चंद्रावरही टिकेल. बाराच्या बारा सेल टिकले.

दुसऱ्या खेपेला निघायचा दिवस शनिवार होता. भार्गवीने सेल फोममध्ये बसवून स्टीलच्या डब्यात ठेवले आणि ती तिकिटाचं बघायला खाली गेली. रामराव डबा घेऊन व्हरांड्यात आले. खोलीत नाही बरं, व्हरांड्यात! खोलीत शेंदराची पूड उडाली असती, आणि नियम म्हणजे नियम. खिशातून डबी काढली, काडीच्या टोकावर चमेलीच्या तेलात कालवलेला शेंदूर घेतला आणि बाराही सेलांना टिळा लावला. मोहरीएवढा, बघणाऱ्याला सीलचाच ठिपका वाटावा असा. खिडकीवर नाही, खिडकीच्या वर, धातूच्या कडेवर. म्हणजे कपाळावर. त्यांचा हिशेब सरळ होता. सेल बंद झाला, आतलं आत. बाहेरून टिळा लावला तर आत काय जातंय? आणि शेंदूर म्हणजे का घाण आहे? पावडर घाण, खर्रा घाण, अत्तर घाण. मारुतीरायाचा शेंदूर कोणत्या यादीत घालणार? जो माणूस प्राचार्यांच्या गालातला खर्रा दहा फुटांवरून ओळखायचा, त्याला स्वतःच्या खिशातली डबी दिसली नाही. आपल्या सगळ्यांचं तसंच असतं म्हणा. दुसऱ्याची धूळ ती धूळ आणि आपली ती विभूती.

इंदूरला सेल झकास चालले. एकाचंही सील सुटलं नाही. यंत्रावरच्या मंजुश्री मॅडम म्हणाल्या, इतकी चांगली सीलबंदी मी बाहेरून आलेल्या सेलांत पाहिली नाही. क्ष-किरणांच्या खोलीचं दार बंद, माणसाने आत थांबायचं नाही, सगळं बाहेरच्या पडद्यावर. सेल चार्ज होतोय, डिस्चार्ज होतोय आणि मँगनीजची रेघ त्याबरोबर सरकतेय. दर काही तासांनी किरणांचा जोर वाढवून सेलमध्ये कोणकोणती मूलद्रव्यं आहेत त्यांची हजेरी घ्यायची. पहिल्या हजेरीला जे असायला हवेत ते सगळे हजर. दुसऱ्या हजेरीला कोपऱ्यात एक अनोळखी पाहुणा दिसला. तिसऱ्या हजेरीला तो ठळक झाला. शिसं! सेल जसजसा चालत होता, तापत होता, तसतसं शिसं वाढत होतं.

भार्गवी घाबरली. तिच्या बॅटरीत शिसं नावालाही नव्हतं. चिखलीला येऊन तिने देवेश सरांना सांगितलं, “सर, कुठून तरी बाहेरून लागलं असेल.” सरांनी आलेख उलटा धरला, मग सुलटा धरला आणि त्यांचे डोळे चमकले. “आपल्या चौदा नंबरमध्ये बाहेरून लागेल? जिथे मलासुद्धा बूट काढावे लागतात? अगं, हा शोध आहे! चालत्या सेलमधून शिसं बाहेर येतंय. म्हणजे ते पऱ्हाटीच्या कोळशात लपलेलं होतं. पऱ्हाटीत कुठून आलं? मातीतून. मातीत कुठून आलं?” सर खिडकीशी गेले, आकाशाकडे बघून म्हणाले, “लोणार. उल्का!”

वडनेर भोलजीपासून लोणार शंभर-सव्वाशे किलोमीटर आहे. पण उल्का काय एसटीने टप्पे घेत पडते थोडीच! सरांनी त्याच आठवड्यात ‘लोणार परिणाम’ असं नाव ठेवलं. बारशाची एवढी घाई कोणाच्या घरी झाली नसेल. निबंध लिहायला घेतला. भार्गवीचा प्रबंधही आता शिशावरच उभा करायचा, असं ठरलं. ती आधी कुरकुरली, पण सहा वर्षं झाली होती, घरी स्थळं यायला लागली होती, आणि सर म्हणत होते की दोन महिन्यांत पीएच.डी. हातात. तिनेही मग स्वतःची समजूत घातली.

निबंधाच्या शेवटी सरांनी एक वाक्य घातलं आणि रामरावांना बोलावून मराठीत वाचून दाखवलं. “प्रयोगशाळेचे परिचर श्री. रामराव शेळके यांच्या कडक स्वच्छतेमुळे बाहेरून भेसळ होण्याची शक्यता नाही.” रामरावांनी ते वाक्य पुन्हा एकदा वाचायला लावलं. मग म्हणाले, “सर, शेळकेतला ळ इंग्रजीत बराबर येईन ना?” घरी जाऊन त्यांनी बायकोला, विमलबाईंना सांगितलं. विमलबाईंनी शिरा केला. एकतीस वर्षांच्या नोकरीनंतर नवऱ्याचं नाव छापून येत होतं, आणि तेही निवृत्तीच्या महिन्यात.

शिरा पचायच्या आत घोळ झाला. दोन दिवसांनी भार्गवी खोलीत बसून शिशावरचं प्रकरण लिहीत होती. लिहिता लिहिता पुस्तकातलं मोठ्याने वाचत होती, तिची ती सवयच. “शिसं कुठं कुठं सापडते... गाड्यांच्या जुन्या बॅटऱ्या, डाग द्यायची सोल्डरची तार, जुने रंग, शेंदूर...” आणि पुढच्या ओळीवर गेली. तिला काहीच खटकलं नाही. रामरावांचे हात हातमोज्यांत होते, ते तिथेच थांबले.

“काय म्हणली तू? शेंदूर?”

“हाव काका. अस्सल शेंदूर म्हंजे शिशाचंच भस्म असते ना. आजकाल भेसळीचा मिळते म्हणा.”

रामरावांचा शेंदूर भेसळीचा नव्हता. देवाच्या बाबतीत ते काटकसर करत नसत. त्यांनी हात बाहेर काढले, व्हरांड्यात गेले, डबी उघडून पाहिली. नारिंगी. खिडकीची फिल्म नारिंगी. वर टिळा, चमेलीचं तेल, तापलेला सेल. टिळा तापून पातळ झाला आणि कपाळावरून खिडकीवर ओघळला. फिल्मच्या रंगात रंग मिसळून गेला, कोणाला दिसणार? ज्या माणसाने आयुष्यभर चालू बॅटरीचं दुखणं ओळखलं, त्याला हे ओळखायला अर्धं मिनिट लागलं.

घरी विमलबाईंनी वेगळाच सूर लावला. “म्हंजे आता मारुतीरायाले दोष देता का? त्यानं तं सेल सुखरूप पोचवले! एक तरी फुटला का?”

“अवं, तसं नाई. ते शिसं उल्केचं नाई, माह्या डबीतलं हाय.”

“मंग असू द्या ना. उल्काबी देवानंच पाडली आन शेंदूरबी देवाचाच.”

हा युक्तिवाद देवेश सरांनाही सुचला नसता, इतका पक्का होता.

रामराव सकाळी सरांकडे गेले आणि सगळं सांगितलं. सरांनी दार लावून घेतलं. बराच वेळ पेपरवेट फिरवला. मग फार मायेने म्हणाले, “रामराव, तुम्ही आता दमला आहात. एकतीस तारखेला तुमचा निरोप समारंभ आहे, मंजुश्री मॅडम प्रमुख पाहुण्या म्हणून इंदूरहून येत आहेत, फ्लेक्स छापायला गेला आहे. मोहरीएवढ्या टिळ्याने विज्ञान बदलत नसतं. आणि भार्गवीला काही बोलू नका, बिचारी खचेल. बरं, तुमच्या नावातला ळ मी नीट करून घेतला आहे.”

रामराव बाहेर आले. भार्गवी जिन्यात फोनवर आईशी बोलत होती, “माय, दोन महिन्यांत होते वं आता,” असं म्हणत होती आणि हसत होती. सहा वर्षांत ती अशी हसलेली त्यांनी पाहिली नव्हती. त्यांनी तोंड उघडलं आणि मिटलं. पुढचे बारा दिवस तसेच गेले. खरं सांगायचं तर नुसती भार्गवीची दया नव्हती त्यात. नाव होतं.

एकतीस तारखेला सभागृह सजलं. फ्लेक्सवर ‘स्वच्छतेचा दीपस्तंभ’ असं छापलं होतं. त्यावर देवेश सरांचा फोटो पपईएवढा, प्राचार्यांचा टरबुजाएवढा आणि खाली कोपऱ्यात दीपस्तंभाचा लिंबाएवढा. एकामागून एक भाषणं झाली. ज्यांनी आठ वर्षांत चौदा नंबरचं दार ओलांडलं नव्हतं, त्यांनी रामरावांच्या कामाचं डोळ्यांनी पाहिल्यासारखं वर्णन केलं. माणूस चालू असताना कोणी ढुंकून बघत नाही, आणि बंद व्हायच्या दिवशी सगळे तज्ज्ञ येतात खोलून बघायला! मग देवेश सर उठले. लोणार परिणाम सांगितला आणि शेवटी ते वाक्य वाचलं. रामराव शेळके यांच्या कडक स्वच्छतेमुळे. टाळ्या पडल्या. पहिल्या रांगेत विमलबाईंनी पदर डोळ्यांना लावला. तिसऱ्या रांगेत भार्गवी सगळ्यांत जोरात टाळ्या वाजवत होती, आणि ते काही रामरावांना बघवलं नाही.

माईक हातात आला. “मले बोलता येत नाई. पण सरांनी आता वाचलं ते खरं नाई.”

पुन्हा टाळ्या. लोकांना वाटलं, काय विनय!

“टाळ्या वाजवू नका, आयका. ते शिसं उल्केचं नाई, शेंदराचं हाय. शेंदूर म्या लावला. बाराही सेलले, ह्याच हातानं.”

थोडे लोक हसले. मग हसू थांबलं. देवेश सर माईककडे झेपावले, “आमचे रामराव भावनेच्या भरात...” म्हणून सुरुवात केली. पण मंजुश्री मॅडमनी टाळी वाजवली नव्हती आणि हसल्याही नव्हत्या. त्यांनी बसल्या जागेवरून विचारलं, “टिळा खिडकीच्या वर लावला होता की खाली?”

“वर, मॅडम. कपाळावर.”

“तेलात कालवून?”

“चमेलीच्या.”

मॅडमनी भार्गवीला सेलांचा डबा आणायला सांगितलं. ती धावत जाऊन घेऊन आली. मॅडमनी एक सेल घेतला, पर्समधून पांढरा रुमाल काढला आणि खिडकीवरून हलकेच फिरवला. रुमालावर शेंदरी रेघ उमटली. त्यांनी रुमाल नाकाजवळ नेऊन चमेलीचा वास घेतला आणि तो भार्गवीच्या हातात दिला.

“मॅडम, रुमालाचाच रंग असेल,” सर म्हणाले.

“रुमाल पांढरा आहे, सर.”

अशा रीतीने लोणारची उल्का चिखलीत एका हातरुमालावर पडली. निबंध पाठवायचा राहिला. सरांनी दुसऱ्याच दिवसापासून ‘भार्गवीचा तो शिशाचा घोळ’ असं म्हणायला सुरुवात केली. फ्लेक्स मात्र तीन आठवडे तसाच होता. तो उतरवायचं काम परिचराचं, आणि परिचर निवृत्त झालेला.

भार्गवी पंधरा दिवस बोलली नाही. सोळाव्या दिवशी रामरावांच्या घरी आली. विमलबाईंनी चहा ठेवला. भार्गवीने कपाला हात लावला नाही. “काका, तुमाले बारा दिवस आधी माहीत होतं. मले पह्यले काऊन नाई सांगतलं? साऱ्या सभेसमोर आयकलं म्या.”

रामरावांनी तिचा कप तिच्यापुढे सरकवला. “माहं नाव येऊन राह्यलं होतं वं,” ते म्हणाले. “एकतीस वर्षांनी येऊन राह्यलं होतं. लय लाज वाटते मले.”

भार्गवीला रडू फुटलं. मग तिने थंडगार झालेला चहा एका दमात पिऊन टाकला आणि म्हणाली, “मॅडमनी दोन दिवस देले. दहा महिन्यांनी. बारा सेल पाह्यजे.”

दहा महिन्यांनी रामराव चौदा नंबरमध्ये परत आले. फाटकावरच्या नव्या पहारेकऱ्याने त्यांना वहीत नाव लिहायला लावलं आणि ‘कामाचे स्वरूप’ या रकान्यात स्वतःच ‘इतर’ असं लिहिलं. रामरावांनी चपला काढल्या, कोपरापर्यंत हात धुतले, पाच दिवस बसून बारा सेल बंद केले. डबी घरी ठेवून आले होते. सेल इंदूरला चालले, एकही फुटला नाही, आणि हजेरीत शिसं नव्हतं. मँगनीज दर फेरीला थोडं थोडं जागेवरून हलतं आणि पुरतं परत येत नाही, एवढंच सापडलं. उल्का नाही, लोणार नाही. पण ते खरं होतं, आणि त्यावर भार्गवीला पीएच.डी. मिळाली. दीड वर्ष उशिरा.

बांधलेला प्रबंध घेऊन ती त्यांच्याकडे आली. “काका, तुमचं नाव आहे याच्यात.” रामरावांनी हात लुगड्याच्या चिंधीला पुसले, चष्मा लावला. तिने पान काढलं. इंग्रजीत होतं, पण नाव त्यांना वाचता आलं. R. Shelke नाही, पूर्ण रामराव शेळके. त्यांनी त्यावरून बोट फिरवलं. “काय लिहिलं मंग?”

भार्गवी वाचत वाचत मराठीत सांगत गेली. “पहिल्या मोजणीत दिसलेलं शिसं हे सेलमधलं नव्हतं. रामराव शेळके यांनी बाहेरून लावलेल्या शेंदराचं ते होतं, आणि त्यांनी स्वतः ते कबूल केलं.”

“हं,” रामराव म्हणाले. त्यांनी पान उलटून पाहिलं. “आन सील कोणं केलं, ते कुठी हाय?”

भार्गवीने पानं उलटली. पहिल्या पानांवर आली, आभाराच्या. देवेश सर होते, प्राचार्य होते, मॅडम होत्या, आईबाप होते. तिने बोट ठेवलं, “हे पाहा, तांत्रिक कर्मचाऱ्यांचे आभार... म्हंजे त्याच्यात तुमी आलेच ना काका.” म्हणता म्हणता तिचा आवाज बारीक झाला आणि चेहरा उतरला. तिने घाईघाईने पर्समधून पेन काढला.

“राहू दे वं माय,” रामराव म्हणाले. “छापून झालं. बंद पडल्यावर खोलून काय फायदा?”

ती गेल्यावर विमलबाई स्वयंपाकघरातून हात पुसत आल्या. त्यांना इंग्रजी तर सोडाच, मराठीही अडखळत यायची. “आलं नाव?”

“हाव.”

“कुठी?”

रामरावांनी शेंदराचं पान काढलं आणि नावावर बोट ठेवलं.

“काय लिहिलं हो?”

तीनशे लोकांसमोर, आपल्याच निरोपाच्या दिवशी, हातातोंडाशी आलेला मान या माणसाने खऱ्यापायी घालवला होता. तो बायकोकडे बघून म्हणाला, “लिहिलं का, ह्या बाराही सेलचं सील रामराव शेळकेनं केलं. एक बी फुटलं नाई.”

“मले माहीतच होतं,” विमलबाई म्हणाल्या. देवघरातून कुयरी आणली, चिमटीत हळदकुंकू घेतलं आणि त्या ओळीवर वाहिलं. पान खराब होणार होतं, तरी रामरावांनी त्यांचा हात धरला नाही.